पेनाने लिहिलेला सोमवार

ती. आईस,

लेकीचा वाकून नमस्कार, पण मान या वेळी ताठ आहे.

मी ठणठणीत आहे. धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करताना हात भाजला होता, तोही बरा झाला.

आमच्या रजेच्या तक्त्यावर नाव पेन्सिलीनेच लिहायचं असतं, म्हणजे मुकादमबाईंना खोडायला बरं. तीन वर्षं माझंच खोडलं. म्हणे, "तुला ना नवरा, ना मूल. सुट्टी घेऊन करणार काय?"

यंदा शुक्रवारी आणि मंगळवारी सरकारी सुट्टी आहे. मधला सोमवार घेतला की सलग पाच दिवस. मी सोमवारावर पेनाने नाव लिहिलं. बाईंनी खोडरबर घासघास घासला. कागद फाटायला आला, नाव काही हललं नाही. मी म्हटलं, "नवरा नसला तरी आई आहे मला."

मंजुरीची सही अजून झालेली नाही. न होईना का. काढलंच कामावरून, तर इस्त्री काय कुठेही करता येते.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं मला शेजारच्या काकूंनी सांगावं? थेंब कोण घालतं गं?

आता फोनवर "येऊ नकोस, नोकरी सांभाळ" म्हणू नकोस. बाईंचं ऐकलं नाही, तुझंही ऐकणार नाही. गुरुवारी काम संपलं की थेट गाडीत बसते.

हट्टीपणात तुझ्यावरच गेलेली,
तुझी लेक