जाळीवरचा हार

सर, झेंडूचा वास मला सहन होत नाही. दसऱ्याला दारावर तोरण लावायचं कामही मी दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला फुलांची सर्दी होते. सर्दी कसली, किळस आहे ती. तुमच्या जीपच्या दिवसापासूनची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवसाचं खरं काय ते कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा झरीला घरी नेलंत, ते पेट्रोल एकाएकी महागलं होतं ते दिवस. तंत्रशाळेच्या वर्कशॉपात तुम्ही निदेशक, आणि मी तुमच्याच हाताखाली शिकून तुमचा सहायक झालेला. तुमच्या घरच्या बाई चहासाठी स्टोव्ह पेटवत होत्या. भांड्याखाली पिवळा जाळ भडकला तसं तुम्ही मला खाली बसवलंत. "बघ, बर्नर तापला न्हाई म्हणून तेलाची वाफ व्हईना. अर्धवट जळायलंय, भांडं काळं करायलंय. आपल्या समद्या गाड्या अशाच पिवळ्या जाळावर चालायल्यात." थोड्या वेळाने जाळ निळा झाला, आणि तुम्ही एवढे खूश, जणू तो तुम्हीच शोधून काढला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. मी चहा प्यालो, आणि वालूरला आमच्या घरी मात्र ते सांगितलं नाही. आमच्या गळ्यात लिंग, दारात दुकान, चार लोकांत ऊठबस. एका कपाची लपवाछपवी करणारा माणूस मी, आणि तुम्ही माझ्यावर भरवसा टाकलात.

पुढची दोन वर्षं आपण भंगारातल्या त्या जीपमागे घालवली. धुराच्या नळीची ऊब आत जाणाऱ्या पेट्रोलला द्यायची, म्हणजे त्याची नीट वाफ होईल आणि थोडक्यात काम भागेल, एवढीच तुमची कल्पना. तुम्ही सायलेन्सरपुढे पांढरं फडकं धरायचात. आधी ते तव्याच्या बुडासारखं काळं व्हायचं, मग राखाडी, आणि एका सकाळी नुसतं मळकट. तेवढ्याच पेट्रोलमध्ये जीप पूर्वीपेक्षा कितीतरी लांब जायला लागली. एक खोड तेवढी राहिली होती. "कमी खाती, पण तापट हाय," तुम्ही म्हणायचात. "समोरून वारं लागलंच पायजे हिला."

मग पंचायत समितीचे सभापती जीप बघायला येणार असं ठरलं. त्यांच्या मनात भरली तर प्रयोगाला दुसरी गाडी मिळणार, नाहीतर जीप परत भंगारात आणि तुम्ही परत पोरांना कानस धरायला शिकवणार. देवगाव फाट्यावर मांडव घातला होता. कुणी जीपची पुढची सगळी जाळी झेंडूच्या मनगटाएवढ्या जाड हारांनी मढवून सुतळीने आवळून टाकली. तुम्ही हात जोडून म्हणालात, "साहेब, नारळ फोडा, कुंकू लावा. जाळीवर तेवढं नको. हवा बंद व्हती, गाडी तापंल." सभापतींच्या मागचा एकजण मोठ्यानं म्हणाला, "मास्तरला पूजा चालत न्हाई, आमाला चालती." सगळे हसले. मीही हसलो, सर. शी! त्या हसण्याची आठवण झाली की आजही तोंड कडू होतं.

सभापतींना स्वतःच जीप चालवायची होती. तुमची गाडी, आणि तुम्हाला म्हणाले, "मास्तर, तुमी मागच्या गाडीत या." जाता जाता तुम्ही माझ्या कानाशी आलात. "फाटा सुटला की थांबीव आन् हार काढून घी." मी मान डोलावली.

फाटा सुटला. सभापती पान चघळत गाडी हाणत होते, आणि मी शेजारी मांडीवर हात ठेवून बसलो होतो. उष्णतेचा काटा लाल खुणेकडे सरकताना मी बघत होतो. बघतच होतो. सेलूच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ उसळली, खटखट झाली आणि इंजिन जाम झालं. सभापती खाली थुंकले, "देवाला न मानणाऱ्याची गाडी!" म्हणाले आणि बाभळीच्या सावलीला गेले. तुम्ही बसलेली मागची गाडी अजून वळणापलीकडे होती. मी सुतळी तोडली आणि हार पुलाखाली फेकले.

तुम्ही धावत आलात. उघडी जाळी बघितलीत, मग माझ्याकडे. "हार काढले व्हते नव्हं?"

"हो सर. फाटा सुटल्या सुटल्याच."

तुम्ही एवढंच म्हणालात, "मग आपलंच चुकलं."

त्यानंतर जीप शेडमागे गंजत पडली आणि तुम्ही जगलात तोवर वह्यांवर वह्या आकडेमोडीने भरून आपलं काय चुकलं ते शोधत राहिलात. मी कधी कधी शेजारी बसून तुम्हाला आकडे वाचून दाखवायचो. याच्याइतकं घाणेरडं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. तुमच्या इंजिनात काही चूक नव्हती, सर.

तुम्ही गेल्यावर हा प्रसंग मी पुष्कळांना सांगितला. प्रत्येक वेळी सांगतो की हार काढायला मी गाडी थांबवा म्हणालो होतो, पण सभापतींनी मला दरडावून गप्प बसवलं.

ते मला काहीच म्हणाले नव्हते. मी विचारलंच नव्हतं.