चाळीस सेकंदांची क्लिप

३ मार्च, सोमवार

आईनं क्लिप पाठवली. ‘ऐक, डोळे उघडतील.’ उघडले! आवाज माझाच.

शाळांची छपरं गळतायत, आणि सरकारनं एका वर्षात नऊशे कोटी शेजारच्या देशाला वाटले, तिथल्या पुढाऱ्यांचे बंगले बांधायला — असं मी चाळीस सेकंद ठणकावून सांगतेय. मागं भयाण संगीत, आवाज थोडा जाड केलेला. आईनं ओळखलाच नाही.

दोन महिन्यांपूर्वीचं काम, स्टुडिओत आवाज देण्याचं. त्याच दिवशी बँकेचं ‘खात्याच्या माहितीसाठी एक दाबा’ केलं होतं. दोन्ही सारख्याच मनानं वाचलं. म्हणजे मन न लावता.

४ मार्च

आईचा फोन. “घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा!”

म्हटलं, खरं कशावरून?

“एवढी ठाम बोलणारी बाई खोटं कशाला बोलेल?”

हसावं की रडावं!

६ मार्च

स्टुडिओवाल्याला विचारलं, आकडा कुठून आणला?

“मॅडम, आपण कागद वाचतो. कागद कोणाचा ते विचारत नाही.”

बँकेच्या वेळी एका अंकासाठी तीनदा फोन केला होता यानं.

७ मार्च

काम नाही. झोप नाही. घरभर नुसत्या येरझाऱ्या.

८ मार्च, शनिवार

सरकारच्या साइटवर खर्चाचा अहवाल सापडला. दोनशे बारा पानं. सकाळपासून तेच.

नऊशे कोटी आहेत. पण पाच वर्षांचे. निम्म्याहून जास्त कर्ज — व्याजासकट परत येणारं. बंगला एकही नाही. छपरांचा पैसा वेगळाच. तो नगरपालिकांकडे पोचलाय आणि खर्चच झालेला नाही!

मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मग शेवटची यादी उघडली, तिकडे पैसा कुठल्या कामांना गेला त्याची. पाण्याच्या टाक्या, दोन पूल, सुईणींचं प्रशिक्षण केंद्र. केंद्राचं नाव दोनदा वाचलं.

माझी ताई तिथंच शिकवते, सीमेपलीकडे. चार वर्षं झाली. तिचा पगार कुठली तरी संस्था देते, एवढंच आम्हाला माहीत. कधी विचारलंच नाही.

११ मार्च

स्वतःची क्लिप टाकली. संगीत नाही, फक्त पानांचे नंबर आणि आकडे. एकसष्ट जणांनी ऐकली. पहिली वीस लाखांवर गेलीय. खाली एकानं लिहिलंय — ‘किती मिळाले?’ पहिलीचे मिळाले होते, बाबा. हिचे नाही.

ताईला कळवायचं म्हणून तीनदा लिहिलं. तीनदा पुसलं.

१४ मार्च

बातमी. ‘जनभावना लक्षात घेऊन’ सगळी मदत चौकशी होईपर्यंत थांबवली. ताईचा फोन लागत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली.

१५ मार्च

आईकडे जाऊन सगळं सांगितलं. आवाज माझा, आणि केंद्र ताईचं. आधी विश्वासच बसेना. मग तिच्यासमोर ते पहिलं वाक्य म्हणून दाखवलं. मोबाइल काढून पाठवलेले मेसेज मोजले.

“मी चाळीस जणांना पाठवलं गं.”

निघताना दारात हात धरला — “थोरलीला कळू देऊ नकोस.”

मी हो म्हटलं. बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

१७ मार्च

ताईचा मेसेज. केंद्राला कुलूप लागलं. निघताना बरोबरच्या, इथूनच गेलेल्या नर्सेसनी ती क्लिप लावली आणि विचारलं, कोण असेल ही बाई? ताई म्हणाली, काय माहीत.

खाली एवढंच — ‘मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं तुला. तू सांगशील म्हणून थांबले.’