जितकं आत, तितकं बाहेर

प्रिय मोठ्या सिस्टर,

तुमची चादरींच्या खोलीत बदली झाली त्याला आठ महिने झाले. एकाच इमारतीत असून मी एकदाही तळमजल्यावर उतरले नाही, आणि आज पत्र लिहितेय. समोर यायची हिंमत नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही ऑपरेशन थिएटरात परत यावं असं मला फार वाटतं. याल की नाही, ते पत्र शेवटपर्यंत वाचून ठरवा.

तुमच्या हातांच्या जागी पंप आला. त्याआधी नऊ वर्षं मी दुर्बिणीतून मुतखडे फोडत होते आणि तुम्ही रबरी फुगा दाबून आत सलाईन सोडत होतात. खड्याचा चुरा उडाला, जरा रक्त आलं की दुर्बिणीतलं दाखवणारा समोरचा पडदा गढूळ व्हायचा आणि मी ओरडायचे, ‘पाणी! अजून पाणी!’ तुम्ही मात्र हात आखडता घ्यायचात. आम्ही सगळे तुम्हाला मागे ‘चिक्कू सिस्टर’ म्हणायचो. तुम्हाला ते माहीत असणार, असं आता वाटतं. पंपावर मी हवा तेवढा दाब लावला आणि खड्याचा कणन् कण दिसायला लागला. मी लहान मुलीसारखी खूश झाले होते हो.

मग तो बसचा ड्रायव्हर आला. ऑपरेशन इतकं सुरेख झालं की मी स्वतःचीच पाठ थोपटली. संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली, बीपी कोसळलं. पाच दिवस तो आयसीयूत होता आणि त्याची बायको बाहेरच्या बाकावर त्याचे बूट पिशवीत घेऊन बसून होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दाब जास्त झाला, किडनीतलं दूषित पाणी उलटं रक्तात शिरलं. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तो वाचला, ही त्याची पुण्याई, माझी नव्हे.

तुमच्या वेळी असं कधीच कसं झालं नाही, म्हणून मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, ‘अहो, सिस्टर तुमचं ऐकत कुठे होत्या? त्या खाली बघायच्या. नळीतून जितकं बाहेर येईल तितकंच आत सोडायच्या. तुमचं ओरडणं चालूच असायचं.’ मी जुन्या ऑपरेशनांच्या चित्रफिती काढून बघितल्या. दर वेळी माझा आरडाओरडा, मग चार-पाच सेकंद काहीच नाही, मग हळूच पडदा निवळतो. नऊ वर्षं मी पडद्याकडे बघत होते आणि तुम्ही माणसाकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आता पंपाचा दाब मी निम्म्यावर आणलाय. बाहेर येणारं पाणी मोजायला एक माणूस उभा असतो. ते कमी झालं की पंप बंद, मी कितीही ओरडले तरी. नव्या नर्स मुली हे काम शिकताहेत, पण माझ्या आवाजाला घाबरतात. तुम्ही घाबरत नव्हतात. इतकी हुशार बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि हे तुमच्या तोंडावर एकदाही म्हटलं नाही.

आता खरं सांगते. अंगठा सुजतो म्हणून तुमची बदली झाली, असं तुम्हाला ऑफिसात सांगितलं. ते खोटं होतं. ‘सिस्टर पाणी वेळेवर देत नाहीत, ऑपरेशन रेंगाळतं,’ अशी लेखी तक्रार गेली होती आणि तिच्याखाली माझी सही होती. तुमच्या निरोपाच्या चहाला मी तुमच्या शेजारी बसून अंगठ्याला लावायचं मलम सुचवत होते. काल मी ती तक्रार लेखी मागे घेतली आणि सगळ्यांच्या बैठकीत कारणही सांगितलं. मंगळवारी त्याच ड्रायव्हरच्या दुसऱ्या बाजूचा खडा काढायचा आहे. तो घाबरलाय, आणि त्याच्याहून जास्त मी. राग आला असेल तर तो बाजूला ठेवू नका, घेऊनच या, पण या.

तुमचीच,
डॉक्टरीण