तेवीस फुटांवरचं नाताळचं झाड

लँबर्ट्स फेरी, टेनेसी
२१ फेब्रुवारी

थोरल्या मेहुणीबाई विलाडीनताई यांस, तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा डेलमस याचा टोपी काढून नमस्कार (थंडी फार असल्याने लगेच परत घातली आहे). इकडे सर्वांची प्रकृती ठीक. माझा उजवा गुडघा पाऊस येणार असला की आदल्या दिवशी सांगतो. डावा तेवढा हुशार नाही, तो नुसता दुखतो. ओहायोत तुमच्याकडे बर्फ किती पडलं, तुमच्या कंबरेचं काय म्हणणं आहे, ते कळवावं. अकरा वर्षांनी माझं पत्र पाहून नवल वाटेल. आईंच्या अंत्यविधीनंतर त्यांच्या बिडाच्या तव्यावरून तुम्हा बहिणींत जे झालं, त्यात मी कोणाच्याच बाजूचा नव्हतो आणि आजही नाही. मी फक्त त्या तव्यावरचं खातो. फोनच केला असता, पण फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि व्हीडाही स्वयंपाकघरातच असते. सध्या ती माझ्याशी बोलत नाही. आज सेहेचाळिसावा दिवस.

म्हणजे अगदीच बोलत नाही असं नाही, कुत्र्यामार्फत बोलते. “बझर, ज्यांना जेवायचं असेल त्यांना सांग, शेंगा आणि मक्याची भाकरी झाली आहे.” बझर माझ्याकडे बघतो, मी उठतो. मीही एकदा “बझर, मीठ कमी आहे” असं म्हणून पाहिलं, तर ती म्हणाली, “बझर, मिठाची बरणी त्यांच्या नाकासमोर आहे, आणि नाक कुठे आहे ते माहीत नसेल तर दाखव.” कुत्रा तेरा वर्षांचा आहे, त्याला या वयात एवढी ये-जा झेपत नाही. त्याच्याकडे बघून मला जास्त वाईट वाटतं.

आता कारण सांगतो. आमच्या धरणाचं पाणी हिवाळ्यात दहा-बारा फूट उतरवतात हे तुम्हाला आठवत असेलच. चहूकडे लाल चिखल उघडा पडतो, आणि पाणी असं गार होतं की बास मासा खोल जाऊन रुसून बसतो, लग्नात मानपान चुकलेल्या थोरल्या जावयासारखा. उन्हाळ्यात जो नुसत्या सावलीवर धावून येतो, तो हिवाळ्यात नाकापुढे आमिष ठेवलं तरी विचार करतो. गळ तळाला टेकवायचा, तीस आकडे मोजायचे, बोटभर हलवायचा, पुन्हा तीस. काठीच्या दोरी ओवायच्या कड्यांत बर्फ धरलं की काठी पाण्यात बुडवायची, कारण पाणी हवेपेक्षा उबदार असतं. (लोक विचारतात यात सुख काय. मी चौपन्न वर्षं उत्तर शोधतो आहे, सापडलं की कळवीन.) असा रुसलेला मासा आडोसा धरून राहतो, म्हणून नाताळ झाला की आम्ही मंडळी टाकून दिलेली झाडं गोळा करतो, बुंध्याला सिमेंटचे ठोकळे तारेनं बांधतो आणि पाण्यात सोडतो. कुठे सोडलं ते कोणी कोणाला सांगत नाही. बायकोला नाही, भावाला नाही, मरताना पाद्रीबाबालाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सगळे सात जानेवारीला झाडं बुडवायला निघतात, कारण सहा तारखेला जुन्या पंचांगाचा, म्हणजे जुना नाताळ, तोवर झाड घरातून हलत नाही. मी यंदा शहाणपणा केला. सहा तारखेच्या सकाळी व्हीडा गोधड्या शिवायला चर्चमध्ये गेलेली, बाहेर दाट धुकं, तलावावर चिटपाखरू नाही. झाडावरचे दिवे, माळा, चांदणी तिनं आदल्या रात्रीच उतरवलेली. झाड मला ओकंबोकं दिसलं. उचललं, होडीत घातलं, जुना रस्ता जिथे पाण्याखाली जातो त्याच्या कडेला यंत्रावर तेवीस फूट खोली बघितली आणि सोडून दिलं. घरी येऊन स्वतःवर खूश होऊन दोन कप कॉफी प्यायलो.

विलाडीनताई, तुम्ही आईंच्या पोटच्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आईंचा काचेचा पक्षी झाडावर सर्वांत आधी चढतो आणि सर्वांत शेवटी उतरतो, जुन्या नाताळच्या दिवशी, सूर्य मावळल्यावर. खोडाजवळ, आतल्या फांदीला चिमट्यानं लावलेला असतो. हे मला चव्वेचाळीस वर्षं माहीत आहे. त्या सकाळी माहीत नव्हतं.

व्हीडा आली, रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “डेलमस, झाड कुठाय?” ते तिचं माझ्याशी शेवटचं वाक्य.

दुसऱ्या दिवसापासून मी ते झाड गळाला लावण्याच्या मागे लागलो. इथे अडचण अशी की धुक्यात मला किनाऱ्यावरची एकही खूण दिसली नव्हती. चर्चचा कळस बोटघराच्या नेमका वर आला की तिथे थांबायचं, असा आमचा हिशेब असतो. त्या दिवशी कळसही नव्हता आणि बोटघरही नव्हतं. जागा इतकी गुप्त निवडली की ती मलाही कळली नाही. आणि दुसरी अडचण सांगायला लाज वाटते. जन्मभर माझा गळ झाडांत अडकला, मी शिव्या दिल्या आणि दोरी तोडली. आता झाड हवं तर गळाला मासे लागू लागले. पहिल्याच दिवशी सात पौंडी बास आला. मी त्याला सोडवलं, पाण्यात टाकलं आणि उसासा टाकला. पलीकडच्या होडीतून हर्शेल बघत होता. (हर्शेल म्हणजे माझा जोडीदार, बंदरावर त्याचं आमिषाचं दुकान आहे. तिथे गांडुळं, कॉफी आणि बातम्या एकाच काउंटरवर मिळतात.) त्यानं दुकानात सांगितलं, “डेलमसला सात पौंडी लागला आणि तो हसलासुद्धा नाही. म्हणजे तिथे दहा पौंडी असणार.” त्या आठवड्यात माझ्याभोवती अठरा होड्या. मी गळ हलवला की अठरा जण गळ हलवत. मी डबा उघडला की डबे उघडत.

शेवटी गळ सोडून लोखंडी आकडा घेतला आणि तो तळावरून ओढायला लागलो. तिसऱ्या फेरीला जड लागलं. हर्शेल माझ्या होडीत आला, दोघांनी ओढलं, वर झाडच आलं. पण एक नाही, निळ्या दोरखंडानं एकत्र बांधलेली सहा. तो निळा दोरखंड अख्ख्या गावात एकाच बोटघरात आहे, आणि ते आमच्या चर्चचे ज्येष्ठ पंच पर्व्हिस लन्सफर्ड यांचं. हे गृहस्थ गेली बारा वर्षं दर वसंतात चर्चमध्ये उभे राहून साक्ष देतात की त्यांना जे मोठे मासे लागतात ते निव्वळ प्रार्थनेनं. अठरा होड्यांतली मंडळी वळून एकाच होडीकडे बघायला लागली. पर्व्हिस चार नंबरच्या होडीत बसले होते.

हर्शेलनं दोरखंडाचं टोक वर धरलं. “पर्व्हिसभाऊ, ही प्रार्थना तुम्ही तारेनं बांधली होती की गाठ मारली होती?”

“डेलमस,” पर्व्हिस मलाच म्हणाले, “तू झाड शोधतोयस की माझी लाज?”

“झाडच शोधतोय,” मी म्हटलं. “पण तुमची आधी लागली, त्याला मी काय करू.”

तेही आता बोलत नाहीत. त्यांच्याकडे कुत्रा नाही, त्यामुळे अगदीच बोलत नाहीत.

माझं झाड या महिन्याच्या नऊ तारखेला लागलं. तार माझीच, पीळ माझाच, डावीकडचा. त्या दिवशी पाऊस होता, आसपास कोणी नव्हतं, आणि ते बरं झालं. मी झाड होडीच्या कडेला धरलं आणि एकेक फांदी बोटांनी चाचपली. थंडीनं बोटांना काही लागतच नव्हतं, म्हणून डोळ्यांनीही बघत होतो. आतल्या फांदीला चिमटा होता. पक्षी नव्हता. चिमट्यात काचेची कपचीसुद्धा नव्हती. चिमटा खिशात घालून घरी आलो आणि टेबलावर ठेवला. व्हीडानं तो धुतला, पुसला आणि खिडकीत ठेवला. त्या रात्री ती कुत्र्याशीही बोलली नाही.

मला वाटलं होतं की ती रागावली आहे. राग मला कळतो, रागाला उपाय असतात, पायऱ्या रंगवता येतात, गटार साफ करता येतं (दोन्ही केलं). पण त्या रात्री कळलं की हा राग नाही. आईंकडचं तिच्याजवळ दोनच होतं, तवा आणि पक्षी. तव्यावर आम्ही रोज अंडी तळतो, त्यामुळे त्यात आई आता उरलेली नाही. पक्ष्यात होती. ती मी तेवीस फुटांवर सोडून आलो, आणि वर दोन कप कॉफी प्यायलो.

असो. लांबलं फार. तुमच्या कंबरेला जपा, वंगण म्हणून अस्वलाची चरबी लावा असं हर्शेल म्हणतो. त्याची स्वतःची कंबर बघितली तर तुम्ही लावणार नाही. लोभ होता तसाच असू द्यावा.

तुमचा,
डेलमस क्राउडर

ता. क. सोबत टोमॅटोचं बी पाठवत आहे, गुलाबी, आईंच्या परसातलं. पत्र लिहिण्याचं कारण तेच.

आणखी ता. क. कारण ते नाही. आईंनी तुम्हा दोघींना एकेक पक्षी दिला होता, एका खोक्यातले, जुळे. तुमचा कापसात गुंडाळून हर्शेलच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवाल का? घरी पाठवू नका. मी व्हीडाला सांगेन की गळाला लागला. आयुष्यभर मी माशांच्या लांबीबद्दल जे बोललो त्यापुढे हे खोटं फारच आखूड आहे. मागायचा मला हक्क नाही हे जाणतो. तवा हवा असेल तर सांगा, तो मी कसा आणून देईन हे मला माहीत नाही, पण देईन.

विलाडीन, हे खालचं माझं आहे. यांच्या पत्रांना तिकिटं मी लावते, आणि लावण्याआधी वाचते. पक्षी पाठवू नकोस, टपालात काच टिकत नाही. शिवाय मी फसणार कशी? तुझ्या पक्ष्याची शेपटी अर्धीच आहे. ती मी तोडली होती, आणि आईचा मार तू खाल्लास. तेव्हा मी गप्प बसले, पुढेही बसले, अकरा वर्षांपूर्वी तर फारच बसले. पक्षी स्वतः घेऊन ये. शुक्रवारची बस तीनला येते, मी थांब्यावर असेन. यांना आत्ताच काही कळवू नकोस, माणूस सध्या बरा वागतोय.

व्हीडा