राहून गेलेले आभार

३ मे

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम.

आम्ही चौघं तळ्याकाठच्या भाड्याच्या घरात सुखरूप पोचलो. मुक्काम पंधरा दिवस. घर छान आहे, पण एक दार धड लागेल तर शपथ. सकाळपासून मी बिजागऱ्या कसतोय. बायको म्हणते, सुतार सुट्टीवर आला तरी हत्यारं घेऊनच येतो. तुझ्या भाचीने पोचल्या पोचल्या पप्पांची काठी मासे पकडायला पळवली.

पप्पा हसतात, बोलतात. फक्त जेवणाआधीची प्रार्थना अजून माझ्यावरच ढकलतात. त्यांची उपकारस्तुती संपता संपायची नाही, आणि आई टेबलाखालून त्यांना पायाने ढोसायची, आठवतं ना? तिला जाऊन दीड वर्ष झालं. काल विचारलं तर म्हणाले, शब्द घशापर्यंत येतात आणि तिथेच बसतात.

रजेचं पुन्हा एकदा बघ ना. लोभ असू दे, तुझ्या तिखट जिभेसकट.

तुझा,
धाकटा


६ मे

प्रिय धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

रजा मिळत नाही. दोन नर्स आजारी आहेत. तुझी प्रार्थना दीड वाक्यात आटोपते हे मला ठाऊक आहे; पप्पांसमोर निदान दोन तरी कर.

खरं सांगू? आई शेवटचे तीन आठवडे माझ्याच वॉर्डात होती. ती गेल्यापासून पप्पा मला जेवलीस का, झोपलीस का, एवढंच विचारतात. मला पाहिलं की त्यांना तो वॉर्डच दिसत असेल. सुट्टीत तरी दिसू नये. भाचीला पाण्याजवळ एकटी सोडू नका. मायेत अंतर नसावं.

तुझी,
ताई


९ मे

प्रिय लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझा पाय मुरगळलाय, घाबरू नकोस. तळ्याच्या पायऱ्यांवर घसरलो. शेजारच्या घरात एक निवृत्त बसड्रायव्हर उतरलेत. त्यांनी मला पाठुंगळी घेतलं आणि सगळ्या पायऱ्या चढले, वाटेत थांब्यांची नावं पुकारत. तुझी भाची मागून तिकिटं मागत होती. दारात उतरल्यावर मी त्यांचे आभार मानायला लागलो, ते काही संपेचनात. शेवटी त्यांनीच हात जोडले, की आता पुरे.

मग खाटेवर पडून मनात आलं, परक्या माणसाच्या पाव तासाच्या कष्टासाठी मला इतके शब्द सापडले. तू तीन आठवडे आईचे केस विंचरलेस, तिचे ओठ ओले केलेस, ड्युटी संपली तरी घरी गेली नाहीस. तुझ्यासाठी माझ्या तोंडून आभाराचा एक शब्दही निघाला नाही. देवाचे आभार मानायला डोळे मिटले की आधी तू दिसायचीस, आणि मी लाजेने गप्प व्हायचो. धाकट्याला वाटतं मी देवावर रुसलोय. मलाही तसंच वाटत होतं.

आईला नेल्याबद्दल आभार मानणं मला जमणार नाही. देव ते मागतही नसावा. पण त्या दिवसांत त्याने तुझे हात तिच्याजवळ ठेवले होते. त्याबद्दल आज जेवणाआधी मी मोठ्याने प्रार्थना केली. ड्रायव्हरसाहेब पाहुणे होते. संपली असं वाटून ते दोनदा मधेच आमेन म्हणाले.

लेकी, तुझे आभार. उशिरा मानले म्हणून राग धरू नकोस.

तुझे,
पप्पा


१२ मे

ती. पप्पांस,
सप्रेम सलाम.

तुमचं पत्र औषधांच्या खोलीत उभ्यानेच वाचलं आणि रडले. सोबतच्या नर्सने धावत पाणी आणलं. काय झालं विचारलं, तर मी हसत म्हणाले, वडिलांचा पाय मुरगळला. ती माझ्याकडे बघतच राहिली.

एक कबुली द्यायची आहे. रजा मिळत नाही हे खोटं होतं. मी मागितलीच नव्हती. नर्स असून आईला वाचवू शकले नाही, म्हणून तुम्ही माझ्याशी नीट बोलत नाही, असं धरून बसले होते. आज रजा मागितली आणि लगेच मिळाली. परवा सकाळच्या बसने निघते. तोवर पाय उशीवर उंच ठेवा.

माझंही एक सांगायचं राहिलंय. तुम्ही रोज भेटीच्या वेळी येऊन आईचा हात धरून बसायचात, आणि स्वतःला काहीच करता येत नाही म्हणायचात. तुम्ही आलात की तिची धावणारी नाडी शांत व्हायची. रोज व्हायची, पप्पा. ती मोजायला मीच तिथे उभी असायचे.

तुमची,
लेक