तेवीस घरांचा दावा

रामनगर, ३ नोव्हेंबर २०२५

ती. रुक्माक्कास,
गुरुदासचा शि. सा. न. वि. वि.

बेंगळुरूच्या कंपनी न्यायाधिकरणाचा निकाल लागला. आमची कोकम सुकवण्याची कंपनी बुडणार, हे ताळेबंदात दिसत असतानाही संचालक या नात्याने मी तीन महिने गावाकडून उधारीवर कोकम घेत राहिलो. त्यातून झालेले नुकसान, नऊ लाख साठ हजार, मी स्वतः भरून द्यावे असा आदेश आहे. निकाल रास्त आहे. रामनगरची जागा विकून रक्कम भरली. तुझी भावजय यमुना म्हणते, मी आता पोटभर जेवतो.

पैसे कंपनी मिटवणारे अधिकारी वाटतील, तेही दावा करणाऱ्यालाच. मुदत तीस तारखेची. गावातल्या तेवीस घरांपैकी एकाचाही दावा नाही. अर्ज सोबत जोडले आहेत. वजने माझ्या नोंदवहीतून भरली आहेत. सह्या-अंगठे तेवढे घ्यावेस.

लोभ आहे तसाच राहू द्यावा.
तुझा गुरुदास

कुंभारवाडा, ९ नोव्हेंबर

चि. गुरुदासास अनेक आशीर्वाद.

भातकापणी सोडून घरोघर फिरले. कुणी अंगठा द्यायला तयार न्हाई. कान्हू म्हणतो, गावच्या पोरावर कोर्टाचा कागद घालून तोंड कुठं दाखवू. बुधवंत उमाजींनी तर गावचे प्रमुख म्हणून मांडावर गाव गोळा करून सगळ्यांदेखत सांगितलं, गुरुदासला गावानं माफ केलंय. दोन वर्सं तू गावात पाय ठेवला न्हाईस, ते मात्र कुणी माफ केलेलं न्हाई. वजनं ग्रॅमपर्यंत लिहितोस आणि घरची वाट विसरतोस व्हय?

यमुनाला आशीर्वाद. माया हायच.
रुक्माक्का

रामनगर, १४ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

माफीबद्दल गावाचा ऋणी आहे. परंतु त्या कार्यालयात माफी चालत नाही. हुबळीच्या खोके पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा दहा लाखांचा दावा दाखल आहे. गावाने सहा लाखांचा दावा केला, तर प्रत्येकाला रुपयामागे साठ पैसे मिळतील. न केल्यास सगळी रक्कम एकट्या व्यापाऱ्याची. हे बुधवंतांना जसेच्या तसे वाचून दाखवावेस.

कृपा असू द्यावी.
तुझा गुरुदास

कुंभारवाडा, २४ नोव्हेंबर

चि. गुरुदासास आशीर्वाद.

तुझं पत्र मांडावर वाचलं आणि जो गलका झाला! कान्हू म्हणाला, कोकम आमचं, झाडावर मुंग्या आम्हाला चावल्या, आणि पैसे खोक्याला? पहिला अंगठा त्याचाच. माझी शिल्पा जोयड्याला जाऊन तेवीस अर्ज रजिस्टर टपालानं लावून आली.

आता बुधवंतांचा निकाल ऐक. कोर्टाचे साठ पैसे घ्यायचे, राहिलेले चाळीस गावानं सोडायचे. पण ज्याच्यावर कागद घातला, त्याच्या पानाशेजारी पान मांडून जेवल्याबिगर आपल्यात काही मिटत न्हाई. तेवीस घरांनी कागद घातला, तेवीस घरी जेवायचं. एक घर चुकवलंस तर त्या घराचे चाळीस पैसे उभे. सुरुवात कान्हूकडं. माझं घर शेवटी. सही मी बी केली हाय.

वाट बघते.
रुक्माक्का

रामनगर, २८ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तेवीसही दावे वेळेत पोचल्याची पावती मिळाली. बुधवंतांचा निकालही मान्य. दिवसाला दोन घरे धरली तर साडेअकरा दिवस लागतात. यमुनाही येणार म्हणते. सोमवारी सकाळच्या बसने निघतो.

तुझ्या सहीच्या अर्जाची प्रत शिल्पाने पाठवली होती. ती मी दोनदा वाचली. तुला तोंड दाखवण्याचे धैर्य होत नव्हते, म्हणून दोन वर्षे आलो नाही. आज लिहिताना ते अवघड वाटत नाही. तुझे घर शेवटचे आहे, तेव्हा तिथून मला लवकर उठवू नकोस.

माया अशीच ठेवावीस.
तुझा गुरुदास