राजूरच्या पत्र्यावरचं व्हेंटिलेटर

राजूर,
दि. ३ जुलै २०२४

ती. सौ. विमलताईस,
छकुलीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला वाजतं, म्हणून आईच्या हुकमावरून हे पत्र. यात निदान तुला मधेच तोडता येणार नाही.

उन्हाळ्यात तुझ्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीवर ते वाऱ्यावर गरगरणारं व्हेंटिलेटर पाहिलं आणि, खरं सांगते, माझा जळफळाट झाला. महिनाभरात यांच्या मागे लागून आमच्या घरावरही बसवलं, तुझ्याहून मोठं. दुकानातल्या पेढ्यांचा खवा आटवताना घरभर कोंडणारी वाफ आता झटक्यात बाहेर जाते. राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला येणारे लोक रस्त्यावरून माना वर करून बघतात.

आमचं छत गळतं असं शेजारच्या तुळजाबाईने तुला कळवलं म्हणे. बिलकुल गळत नाही. आईची खाट जागच्या जागी आहे. तेव्हा पावसाळ्यात तिला जालन्याला न्यायचं डोक्यातून काढ. आपल्याला भाऊ नाही म्हणून काय आईची वाटणी करायची? चार वर्षं ती माझ्याकडे आहे, इथेच राहील.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नको.

तुझी,
छकुली


नवीन जालना,
दि. ८ जुलै २०२४

चि. सौ. छकुलीस,
विमलताईचे अ. उ. आ.

तुळजाबाईने नाही, आईनेच सांगितलं. खाट तीनदा सरकवली, खाली दोन घमेली लावून राह्यले, पण छकुलीला बोलू नको, तिला वाईट वाटंल, असं म्हणाली. बघ, छत तुझं गळतं आणि जपायचंही तुलाच! मला काय वाटेल याचा विचार तिने कधी केला? जळते मी तुझ्यावर, लिहूनच टाकते.

आता नीट वाच. लोकांना दिसावं म्हणून तू ते उतारावर खाली, रस्त्याच्या अंगाला बसवलंस. वरून येणारं पाणी सगळं त्याच्या पाठीशी तुंबतं. आमचं आढ्याला लागून आहे. त्याच्या बुडाच्या पत्र्याची वरची कडा आढ्याच्या पत्र्याखाली सरकवली आहे आणि खालची कडा छताच्या पत्र्यावर येते, म्हणजे पाणी वरच्या वर निघून जातं. स्क्रूही पन्हळीच्या खोलगट भागात नाही, उंचवट्यावर मारायचे, रबरी वायसर लावून. राधाकिसनराव डांबर फासत बसले असतील, तर एका उन्हात ते तडकतं म्हणून सांग.

तू दुरुस्त कर नाहीतर नको करू, रविवारी २१ तारखेला हे गाडी घेऊन येतील. मी आईला ओलीत राहू देणार नाही.

राधाकिसनरावांना नमस्कार. भांडलीस तरी पत्र टाकत जा.

तुझीच,
विमल


राजूर,
दि. १६ जुलै २०२४

ती. सौ. विमलताईस,
छकुलीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी रामप्रसाद फिटरला बोलावलं आणि तू लिहिलंस तस्संच करून घेतलं. तुझं नाव मात्र घेतलं नाही. भोक पडलेला पत्रा अख्खा बदलला, व्हेंटिलेटर आढ्याशी नेलं. मग यांनी वर चढून बारा बादल्या पाणी ओतलं आणि मी खाली फरशी बोटांनी चाचपत बसले. थेंब नाही. परवा दुपारभर धो धो पडला, तरी नाही.

मी मोठ्या ऐटीत आईला म्हटलं की ताईला कळव, आता न्यायचं काही कारण राह्यलं न्हाई. तर ती उठून पिशवीच भरायला लागली! म्हणाली, मी तर पाऊस लागला तेव्हाच विमलकडं निघाल्ते. पण तुम्ही दोघं दिवसभर दुकानात, घर गळून राह्यलं, घमेली कोण उपसणार? आता बराबर कोरडं झालं, मंग मी निर्धास्त जाते.

म्हणजे ती त्या गळतीपायी थांबली होती, ताई. आणि मी तुझ्या ईर्षेने ती गळतीच बंद केली.

काल घरात कुणी नसताना मी शिडी लावून पत्र्यावर चढले. हातात पाना होता. एका स्क्रूचे दोन आटे सैल केले. मग तेच दोन आटे परत आवळले आणि खाली येऊन आईचं पातळ घडी घालायला बसले.

रविवारी दाजींना पाठव. तिला चहा कोराच लागतो आणि दुपारी पाठ चोळून द्यावी लागते. पोळ्याला मी स्वतः न्यायला येईन. सगळं खुशाल कळवत जा, पण तिला तुझ्याकडे करमलं, तर तेवढं मला लिहू नको.

आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
छकुली